काचेवरच्या दोन रेघा

संतरामच्या पत्राला मार्तंडरावांनी कधी उत्तर दिलं नाही. पत्र चौऱ्याण्णव सालच्या मार्च महिन्यातलं. वहीचं एकच पान, आणि सोबत उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट. पाकिटावर संतरामनं स्वतःचाच पत्ता स्वतःच्या हातानं लिहून दिला होता. मार्तंडरावांना फक्त दोन ओळी लिहायच्या होत्या. त्यांनी मनात मसुदे केले, खोडले, पुन्हा केले. एकही शब्द बरोबर वाटेना. आधी आठवडा गेला, मग महिना, आणि मग इतकी वर्षं, की आता उत्तर देणं हाच आगाऊपणा वाटावा. पत्र शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवलेलं होतं. तो खंड सहसा लागत नाही.

यंदा फेब्रुवारीत, वसमतभर हळद शिजवल्याचा वास भरून राहिलेला असताना, मार्तंडरावांना त्या पत्राची आठवणही नव्हती. त्यांच्या डोक्यात फिश टँक होता.

टँक नातीचा, अनुश्रीचा. मुलाची, विश्वजीतची, बदली हिंगोलीहून पुण्याला झाली तेव्हा टेम्पोत हादरे बसून मासे मरतील म्हणून नऊ वर्षांच्या अनुश्रीनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी तीन फुटांची ती काचेची टाकी वसमतला आली. मे महिन्यात नीट सोय करून न्यायची, असं ठरलं. टाकीत दोन गोल्डफिश होते. बुंदी आणि जिलेबी. निघताना अनुश्री म्हणाली होती, "आजोबा, तुम्ही सगळं वाचून करता ना, म्हणून तुमच्याकडे ठेवते." चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात मार्तंडरावांवर असा सरळ विश्वास कुणी टाकल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी पुस्तक मागवलं, वही घातली, आणि रोज सकाळी पाण्याचं तापमान टिपून ठेवू लागले.

आणि तरी पाणी हिरवं झालं.

पहिल्या दिवशी नुसती झाक. चौथ्या दिवशी टाकीच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसेनासं झालं. आठव्या दिवशी बुंदी आणि जिलेबी म्हणजे हिरव्या सरबतातले दोन केशरी डाग, तेही काचेजवळ आले तरच.

पुस्तकात कारण दिलं होतं. ऊन आणि उष्टं. मार्तंडरावांनी टाकी खिडकीपासून हलवली. उष्ट्याचा शोध घेता घेता तो सुधाताईंपाशी येऊन थांबला. रोज देवाला नैवेद्य दाखवून झाला की त्या ताटातली चार शितं टाकीत सोडत होत्या.

"अगं, मासे आहेत ते. भात कसला घालतेस?"

"घरातला जीव आहे. त्यानं उपाशी राहायचं आणि आपण जेवायचं?"

"पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

"पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी देव नसतील," सुधाताई म्हणाल्या, पण शितं बंद केली.

पाणी हिरवं ते हिरवंच. मार्तंडरावांनी चौथा हिस्सा पाणी बदललं, मग अर्धं. फिल्टरचा स्पंज रोज धुतला. दिवा बंद ठेवला. शेवटी नांदेड रस्त्यावर शोभेचे मासे विकणाऱ्या पुनमला घरी बोलावलं. तिनं कंबरेवर हात ठेवून टाकीकडं पाहिलं.

"काका, किती दिवसांनी धुता?"

"रोज."

"रोज?" पुनम हसली. "काका, माझ्या दुकानात दहा टाक्या हायेत. एकीचंबी असं न्हाई. काळजी घेणाऱ्याच्या घरी असं व्हतच न्हाई. राग नका मानू."

"मी वहीत लिहून ठेवलंय. तारखा आहेत."

"वहीत लिहून पाणी साफ व्हतंय व्हय? तीन दिस काळ्या कपड्यात गुंडाळून ठेवा. उजेडच न्हाई म्हनल्यावर हे मरतंय."

ती गेल्यावर मार्तंडरावांची कानशिलं तापली. ही काल आलेली पोरगी. रोज पहाटे उठून गुडघे धरत खाली बसून काच पुसणारा माणूस, आणि त्याला ही निष्काळजी म्हणते. काय पाहिलं तिनं? हिरवं पाणी पाहिलं. हात नाही पाहिले, वही नाही पाहिली. पाणी हिरवं, म्हणजे माणूस कामचुकार. झाला निकाल.

हे वाक्य मनात उमटलं आणि मार्तंडराव थबकले. वाक्य ओळखीचं होतं. कुठं वाचलं, ते मात्र आठवेना.

जुन्या छत्रीचं कापड उसवून त्यांनी टाकी चारही बाजूंनी झाकली. तीन नाही, चार दिवस. पाचव्या सकाळी कापड काढलं. पाणी आधीपेक्षा गडद होतं, दाट, पालकाच्या पातळ भाजीसारखं. समोरच्या काचेवर आतून शेवाळाचा पातळ थर चढला होता. त्या थरात, वरच्या बाजूला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक स्वच्छ रेघ होती.

अगदी सरळ. बोटाच्या नखानं, पट्टी धरून ओढावी तशी.

माशानं अंग घासलं असेल. मार्तंडरावांनी तसं वहीतही लिहिलं. काच पुसली. पुसताना त्यांनी एक वाटी पाणी बाहेर काढलं आणि स्टीलच्या वाटीत पाहिलं. वाटीतलं पाणी नळाच्या पाण्यासारखं नितळ होतं. त्यांनी ते पुन्हा टाकीत ओतलं. मग दुसरी वाटी काढली, तिसरी, मग अर्धी बादली. बादलीचा तळ स्वच्छ दिसत होता. टाकी हिरवी होती.

हे त्यांनी वहीत लिहिलं नाही. लिहिलं तर वाचणाऱ्याला आपल्याविषयी काय वाटेल, याचीच त्यांना भीती वाटली.

दुसऱ्या सकाळी काचेवर दोन रेघा होत्या. एकीखाली एक, मध्ये चार बोटांचं अंतर.

"सुधा, काचेला हात लावलास?"

"मी कशाला लावू? वासानंच मळमळतंय मला."

"वास?"

"शाळेच्या हौदाचा येतो तसा," सुधाताई म्हणाल्या आणि पोळी उलटायला वळल्या.

मार्तंडराव टाकीपुढं पाटावर बसले, ते बराच वेळ बसून राहिले. रेघांखाली काहीही नव्हतं. नुसत्या रेघा, अक्षरांच्या डोक्यावर असतात तशा. आणि मग त्यांना तो हात आठवला. सगळी दुनिया आधी अक्षरं लिहिते आणि मग वरून रेघ देते. एकच माणूस त्यांनी असा पाहिला होता, जो पानभर रेघ आधी ओढून घ्यायचा आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी तिला अक्षरं टांगायचा. त्याचे वडील निजामाच्या काळात मोडी लिहीत, त्यांची ती सवय त्यानं उचललेली. संतराम. शाळेचा शिपाई.

शब्दकोशाचा तिसरा खंड त्यांनी दोन्ही हातांनी खाली काढला.

ती गोष्ट साधी होती. मार्तंडराव तालुक्यातल्या एका शाळेत लिपिक होते आणि संतरामकडं पाण्याचा हौद होता. त्यानं तीनदा येऊन सांगितलं, क्लार्कसाहेब, हौदाला झाकण न्हाई, पावडर संपली, अर्ज करा. मार्तंडरावांनी अर्ज लिहिला. पण मुख्याध्यापक तापट. अर्जाची भाषा त्यांना खटकेल म्हणून मार्तंडरावांनी तो पुन्हा लिहिला, मग पुन्हा, आणि चौथा मसुदा खणात असतानाच हौदाचं पाणी हिरवं झालं. सतरा पोरांना जुलाब लागले, सलाईन लावावं लागलं. पोरं बरी होऊन घरी आली. मग चौकशी झाली. संतराम समितीपुढं एवढंच म्हणत राहिला, "म्या रोज घासत व्हतो, साहेब. रोज." अहवाल लिहायला मार्तंडराव होते. मुख्याध्यापक म्हणाले, शेवटी काहीतरी ठसठशीत लिहा. मार्तंडरावांनी लिहिलं, 'पाणी हिरवे होणे हाच संबंधित शिपायाच्या कामचुकारपणाचा पुरावा होय.' त्यावर संतरामची नोकरी गेली.

मुख्याध्यापक म्हणाले होते, वा, वाक्य जमलं.

जन्मभर पुस्तकं वाचणाऱ्या, मनातून लेखक व्हायची इच्छा असलेल्या मार्तंडरावांच्या लेखनाचं कुणी केलेलं ते पहिलं कौतुक. शेवटचंही. घरी येताना त्या दिवशी त्यांना आनंद झाला होता. तो त्यांना आता स्पष्ट आठवला.

पानाची घडी त्यांनी उघडली. वरच्या अर्ध्या पानावर संतरामचा मजकूर होता. 'साहेब, मी मागितले होते हे तुम्हाला माहीत आहे. खाली दोन रेघा मारून ठेवल्या आहेत. त्यांना तुमच्या हाताने काय खरे ते लिहा आणि कागद परत पाठवा. दोनच ओळी.' त्याखाली दोन लांब, सरळ रेघा. रिकाम्या.

मार्तंडराव संतापले. एकतीस वर्षं. एवढी वर्षं कुणी वाट पाहतं, आणि मग एका लेकराच्या माशांच्या पाण्यात उतरतं? आपण हजार-बाराशे रुपये मूळ वेतनावरचे बाबू होतो. आपलं ऐकलं कुणी असतं? ज्यानं सही केली, तो मुख्याध्यापक सुखानं म्हातारा होऊन गेला, त्याच्या घरचं पाणी हिरवं झालं नाही. समितीतले तिघंही गेले असतील, पाण्याबिण्याची तक्रार न करता. आणि पकडायला सापडला कोण, तर हा. भित्रा. सगळ्यात सोपा. हा कुठला न्याय?

त्यांना कळलं की हे सगळं आपण टाकीला उद्देशून, मोठ्यानं बोलतो आहोत. काचेआड एक केशरी डाग वर आला. बुंदी. ती पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडून हवा ओढत होती. जिलेबी तिच्या मागं, कुशीवर कललेली.

संध्याकाळी अनुश्रीचा व्हिडिओ कॉल यायचा होता.

मार्तंडरावांनी पेन घेतलं. आधी सवयीनं एका कोऱ्या कागदावर मसुदा केला, 'मागणी करण्यात आली असावी असे स्मरते.' खोडला. 'परिस्थितीवश अर्ज सादर होऊ शकला नाही.' खोडला. बुंदीच्या तोंडातून येणारा तो बारीक चप-चप आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता. शेवटी त्यांनी संतरामचं पान पुढं ओढलं आणि थेट त्याच्या रेघांना अक्षरं टांगली.

'ब्लीचिंग पावडर व झाकण संतरामने माझ्याकडे तीनदा मागितले होते.

अर्ज मी पुढे ठेवला नाही. दोष माझा, त्याचा नाही.'

सही केली. तारीख घातली. मान वर केली तेव्हा पाणी हिरवंच होतं. फक्त काचेवरच्या रेघा गेल्या होत्या.

पाच वाजता सुधाताई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. टाकी इतकी नितळ होती की पाणी आहे की नाही कळू नये. दोन्ही मासे मध्येच टांगल्यासारखे स्थिर, कल्ले हलत असलेले. मागचं कॅलेंडर वाचता येत होतं.

"बघा," सुधाताई म्हणाल्या. "शितं बंद केल्याचा गुण आला."

अनुश्रीला मासे दाखवून झाले. ती हसली. आणि त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मार्तंडरावांच्या मनात जुना ओळखीचा विचार आला. लिहिलं तर आहे. पाणीही साफ झालं. आता पाठवायची काय गरज? उगाच त्या माणसाच्या जुन्या जखमेला हात कशाला? शिवाय 'झाकण' शब्द पहिल्या ओळीत नीट बसलेला नाही. सकाळी उठून त्यांनी पान पाकिटात घातलं, पाकीट शब्दकोशात ठेवलं, खंड जागेवर सरकवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी अनुश्रीचा फोन आला. वेळ नसताना. आवाज रडवेला.

"आजोबा, माझ्या वॉटर बॉटलमधलं पाणी हिरवं झालंय."

मार्तंडरावांची नजर शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडाकडं गेली.

"आई म्हणते, तू बाटली धूतच नाहीस. शाळेत बाई पण म्हणाल्या, सगळ्यांसमोर. मी धुतली होती आजोबा. रोज धुते."

"तू प्यायलीस का ते पाणी?"

"थोडंसं. आधी दिसलं नाही. प्यायल्यावर दिसलं."

मार्तंडरावांनी फोन ठेवला. या वेळी आलेला राग वेगळा होता. तो कुणावरही नव्हता, किंवा एकाच माणसावर होता, आणि तो माणूस चप्पल घालत होता.

पाकिटावरचा पत्ता कनेरगाव नाक्याचा होता. वसमतहून हिंगोलीची एसटी, हिंगोलीहून वाशिमची. मार्तंडराव ऊन उतरताना नाक्यावर उतरले तेव्हा धाब्यांपुढं ट्रक लागले होते. संतरामचं घर एका चहावाल्यानं दाखवलं. पत्र्याचं, स्वच्छ. ओट्यावर एक म्हातारी तूर पाखडत बसली होती.

"संतराम आहेत का?"

सूप थांबलं. "कोन तुमी?"

"मी मार्तंड. शाळेतला लिपिक होतो."

म्हातारीनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ती शालूबाई, संतरामची बायको. "क्लार्कसाहेब," ती म्हणाली. "लई दिस लावले."

"त्यांना हे द्यायचं होतं."

"ते जाऊन सहा वर्षं झाली."

मार्तंडराव पाकीट धरून ओट्यापाशीच उभे राहिले. शालूबाईनं बसा म्हटलं नाही.

"धाब्यावर पाणी भरत व्हते मग," ती सूप हलवत म्हणाली. "रांजन असा घासायचे की धाब्यावाला हसायचा. पोस्टमन दिसला की हातातलं काम टाकून रस्त्यावर. म्या म्हनायची, काहून जीव जाळून राहिले, तो बामन न्हाई लिहिनार. तर म्हनायचे, भला मानूस हाय, नुसता भितो. लिहिल." तिनं तुरीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. "शेवटच्या दिशी तांब्या पुढं केला तर पिईनात. म्हनले, शालू, पानी हिरवं दिसून राहिलं. म्या पाहिलं. पानी साफ व्हतं. तसेच तहानेले गेले."

मार्तंडरावांनी पाकीट पुढं केलं.

"तुम्ही घ्या. वाचा. मी सगळं कबूल केलंय."

"मला काय करायचं वाचून? मला ठाऊक न्हाई व्हय?" तिचा आवाज चढला नाही, पण सूप जमिनीवर आपटलं. "म्या मागितलं न्हाई. ज्यानं मागितलं, त्याच्या नावानं पाठवा. पोस्टानं मागितलं, पोस्टानंच येऊ द्या. वाटंकडं डोळे लावून बसला मानूस माझा. असं हातोहात उरकायला आले का?"

"पण ते तर आता—"

"पत्ता लिव्हलेला हाय ना?"

पाकिटावर पत्ता लिहिलेला होता. आधी रेघ, मग अक्षरं.

पोस्ट ऑफिस बंद व्हायच्या बेतात होतं. जुन्या एक रुपयाच्या तिकिटाशेजारी मार्तंडरावांनी नवी तिकिटं चिकटवली. खिडकीतल्या बाईनं पाकिटाकडं पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, हे नाक्यावरूनच नाक्यावर चाललंय. घर तर समोर हाय." मार्तंडराव म्हणाले, "हो." तिनं बाहेरच्या पेटीकडं बोट दाखवलं.

लाल पेटी ओसरीच्या भिंतीला ठोकलेली होती. छातीइतक्या उंचीवर. तिच्याखाली कुणाची तरी सायकल लावलेली होती.

फोन वाजला. रेवती, सून. "बाबा, अनुला दोनदा उलटी झाली. आता झोपलीय. डॉक्टर म्हणाले, काळजीचं नाही. तिला तुमच्याशी बोलायचं होतं, म्हणून केला."

"उठली की कर," मार्तंडराव म्हणाले. "मी एक काम करतोय."

फोन खिशात ठेवून त्यांनी पाकीट फटीत सरकवलं. अर्ध्यावर ते थांबले. 'झाकण' हा शब्द पुन्हा एकदा मनात आला. मग त्यांनी बोटं सोडली.

पाकीट पेटीच्या पत्र्यावर पडल्याचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. मार्तंडराव कान देऊन उभे राहिले. रस्त्यावरून एक ट्रक वाशिमकडं गेला आणि त्याचा आवाज विरला.

मग आतून, त्या हातभर पेटीच्या आतून, खूप खोलवरून, हौदातल्या पाण्यावर कागद टेकल्याचा आवाज आला.